एकेचाळीस न तपासलेल्या फाइली

आईच्या बचत गटाची मासिक बैठक दर महिन्याच्या १० तारखेला आमच्याच ओसरीवर भरते. गटात बाराजणी आहेत. दीड वर्षापूर्वी हिशोबाची वही भरली तेव्हा नवी वही आणण्याऐवजी मी मोठ्या ऐटीत सांगितले, ‘‘आता हिशोब संगणकावर.’’ कोणी किती कर्ज उचलले, व्याज किती झाले, हप्ते किती राहिले, हे सारे मी एक्सेलच्या एका फाइलीत मांडले. आणि धाकटा भाऊ खेळाच्या नादात काही पुसून टाकील म्हणून तिला पासवर्डचे कुलूपही घातले. ही ऐट पुढे अंगाशी आली.

गेल्या ऑगस्टच्या ९ तारखेला रात्री मी अँटिव्हायरसची तपासणी, म्हणजे स्कॅन, लावली. ती दोनदा अर्ध्यावरच थांबली. तिसऱ्यांदा कशीबशी संपली आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली : ‘तपासणी त्रुटींसह पूर्ण. ४१ फाइली तपासता आल्या नाहीत.’ मजकूर अर्थात इंग्रजीत होता. खालच्या यादीत हिशोबाची फाइलही होती.

ज्यांच्याकडून हा जुना संगणक घेतला होता त्यांना तालुक्याच्या गावी फोन केला. ते म्हणाले, ‘‘व्हायरस शिरलाय, ताई. फॉरमॅट मारावा लागेल. उद्या घेऊन या.’’

‘‘आणि आतलं सगळं?’’

‘‘ते जातंच.’’

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ‘‘बायकांना काय सांगू उद्या?’’ एवढेच ती म्हणाली.

त्या रात्री आणि पुढच्या आठ दिवसांत मला जे उमगले ते येथे मांडते. माझे विषय मराठी आणि इतिहास. संगणकशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु घरी संगणक असलेल्या कित्येक मित्रमैत्रिणींनी हीच लाल अक्षरे पाहिली आहेत आणि त्यांतल्या दोघांनी घाबरून फॉरमॅट करूनही टाकले आहे, म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट अशी की, ‘विषाणू सापडला’ आणि ‘तपासता आली नाही’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. विषाणू सापडला तर अँटिव्हायरस त्याचे नाव सांगतो आणि त्याचे काय केले, म्हणजे पुसला की वेगळा कोंडून ठेवला, तेही सांगतो. माझ्या यादीत एकही नाव नव्हते. आपल्या ग्रंथालयाच्या मोजणीचे उदाहरण घ्या. मोजणीच्या दिवशी काही पुस्तके वाचकांच्या घरी असतात, एखाद्या कपाटाची किल्ली सापडत नाही, एखाद्या पुस्तकाची पाने गळालेली असतात, एखाद्याला वाळवी लागलेली असते. ही सर्व पुस्तके ‘मोजता आली नाहीत’ या रकान्यात जातात. म्हणून ती चोरीला गेली असे कोणी म्हणत नाही. आणि ती सुरक्षित आहेत असेही म्हणता येत नाही. प्रत्येकापुढे कारण काय लिहिले आहे ते पाहावे लागते.

मी ती कारणे वाचायला बसले. ४१ पैकी २९ फाइली ‘वापरात’ होत्या. त्या खुद्द विंडोजच्याच. उदाहरणार्थ ‘पेजफाइल डॉट सिस’ ही फाइल. संगणकाची तात्पुरती स्मरणशक्ती अपुरी पडली की तो आपले ओझे या फाइलीत उतरवून ठेवतो, आणि चालू असेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही. चालत्या माणसाच्या पायातील चप्पल शिवायला मागण्यासारखेच ते! अशा फाइलींची काळजी करण्याचे कारण नाही. तरीही संशय असलाच, तर विंडोजमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते. वेळ साधारण १५ मिनिटे. लपून बसणारा विषाणू स्वतः जागा होण्याआधी पकडायचा, हा त्यातला हेतू.

सात फाइलींपुढे ‘पासवर्डने बंद’ असे लिहिले होते. त्यांतल्या सहा म्हणजे आमच्या घरच्यांच्या आधारच्या पीडीएफ. त्या उतरवून घेतल्या की कुलूपबंदच येतात; नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल ही त्यांची किल्ली. सातवी आमची हिशोबाची फाइल. म्हणजे तिला काही झालेच नव्हते. कुलूप मीच लावले होते आणि आत जाता येत नाही अशी प्रामाणिक तक्रार अँटिव्हायरस करीत होता! पासवर्ड घातला, फाइल उघडली. बाराही नावे जागच्या जागी. कुलूप काढलेली एक प्रत केली, तिच्यावर उजवे बटण दाबून तेवढीच तपासली, निर्दोष निघाली, मग ती प्रत पुसली. कुलूपबंद वस्तू तपासण्याचा हाच सरळ मार्ग आहे. मात्र अनोळखी माणसाने ईमेलने कुलूपबंद फाइल आणि सोबत किल्लीही पाठवली असेल, तर ती उघडूच नये. अँटिव्हायरसची नजर चुकवण्यासाठीच हे कुलूप पुष्कळदा वापरतात.

आणखी तीन फाइली वीज गेल्यामुळे अर्ध्याच उतरलेल्या झिप फाइली होत्या. त्या पुसल्या. उरल्या दोन. त्यांच्यापुढे ‘वाचता येत नाही’ असे होते. त्यांच्याकडे शेवटी येते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. हिशोब वाचून दाखवला. एका मावशींनी विचारले, ‘‘मशीनमधला किडा आमच्या पैशात तर नाही ना शिरला?’’ हसू आले, पण प्रश्न रास्त होता.

तपासणी अर्ध्यावर का थांबत होती, हे कोडे सुटायला चार दिवस लागले. आमच्या संगणकात आधीच्या मालकाचा एक मुदत संपलेला अँटिव्हायरस होता आणि वर मामेभावाने ‘दोन असले तर बरे’ म्हणून दुसरा बसवला होता. एका शेतात एकमेकांना न ओळखणारे दोन राखणदार ठेवले, तर रात्रभर ते एकमेकांनाच चोर समजून धरतील. येथे तेच चालले होते. एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा अडवी. एकाने कोंडून ठेवलेला विषाणू दुसऱ्याला नवा विषाणू वाटे. शिवाय संगणक इतका मंद होई की चहा करून यावा! दोन्ही काढून टाकले. नुसते काढल्याने अवशेष राहतात. ते झाडून नेण्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचे वेगळे साधन देतात, ते त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा झाला. दुसरा अँटिव्हायरस आला की तो बाजूला सरतो आणि दुसरा गेला की परततो. आमचे विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. डिफेंडरला विषाणूंच्या नव्या याद्या मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत पुरवण्याचे त्यांनी जाहीर केले आहे.

पण याद्या उतरेनातच! जुन्या यादीवर केलेली तपासणी म्हणजे गेल्या वर्षीच्या हजेरीपटावर यंदाची हजेरी. इंटरनेट चालू, डिस्कवर जागा भरपूर, तरी ‘अद्ययावत करता आले नाही’ हाच धोशा. शेवटी कोपऱ्यातील घड्याळाकडे लक्ष गेले. तारीख होती १ जानेवारी २०१५.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. यादी देणारा दूरचा संगणक आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे असते. आपण जूनपासूनचा एस.टी.चा पास दाखवावा आणि कंडक्टरच्या खिशातील दिनदर्शिका मार्चची असावी, तर तो आपल्याला खाली उतरवणारच. माझा संगणक २०१५ सालात बसून आजचे प्रमाणपत्र नाकारीत होता. आणि तो २०१५ सालात का गेला? संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी, रुपयाएवढी एक बॅटरी आत असते. बहुधा ती ‘सीआर २०३२’ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. ती संपली होती. आम्ही वीज वाचवायला रोज रात्री बटण काढतो. त्यामुळे रोज सकाळी संगणक भूतकाळात उठत होता. संगणक बंद करून, वायर काढून, घड्याळाच्या दुकानातून आणलेली बॅटरी मी स्वतः बसवली. तारीख नीट केली. पाच मिनिटांत यादी उतरली.

दुरुस्ती करणारे सगळेच ‘फॉरमॅट’ म्हणतात असे मात्र नाही. पुण्याचे कैलास काटकर मुळात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात विषाणू काढणारा कार्यक्रम लिहिला आणि त्यातूनच ‘क्विक हील’ उभे राहिले.

राखणदार खरोखर जागा आहे का, हे पाहण्याचीही युक्ती आहे. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. ती फाइलीत लिहून साठवली की चांगला अँटिव्हायरस लगेच ओरडतो. आमचा ओरडला. इंटरनेट पाहताना मात्र ‘तुमचा संगणक बाधित झाला आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी भोंगा वाजवत आली, तर ती अँटिव्हायरसची नसून ठगाची असते. पान बंद करावे. फोन करून फसला असाल तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

आता त्या दोन फाइली. दोन्ही ताईच्या लग्नातील फोटो. तपासणी प्रत्येक वेळी तेथे अडखळे आणि डबीत खडा हलवावा तसा आवाज येई. ही वाळवी, दोष विषाणूचा नव्हता, डिस्कच झिजली होती. विंडोजमध्ये डिस्क तपासून वाचवता येईल ते वाचवणारी ‘चेक डिस्क’ नावाची आज्ञा आहे, पण आजारी डिस्कला ती दमवते. म्हणून आधी सगळ्या फाइलींच्या प्रती बाहेर काढल्या. हिशोबाच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर; त्यांतला एक गटाच्या अध्यक्ष काकूंच्या ट्रंकेत असतो, आणि शंभर पानी वहीही पुन्हा सुरू केली आहे. मग रात्री आज्ञा दिली. सकाळी एक फोटो पूर्ण उघडला. दुसऱ्यात अक्षता टाकणारे हात दिसतात. त्याखाली सगळे राखाडी आहे.