नौकेंतील गाणें व माजघरांतील गाणें

अकोटासारख्या गांवीं बसून आम्ही नौकेवर लेख लिहूं लागलों, तर वाचकांस थोडें हंसूं येईल. आमच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें आणि मध्यें कपाशीची काळी जमीन. तालुक्याच्या बऱ्याच भागांत तर विहिरीचें पाणीहि खारें. नौका चालेल एवढें पाणी आम्हां वऱ्हाडकरांच्या वाट्यास महापुरांतच येतें, व त्या वेळीं कोणास गाणें सुचत नाहीं. तथापि गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं जें एक काम झालें, त्याची युक्ति आम्हांस विलायतेंतील एका कालव्यावरून मिळाली, हें खरें आहे.

आमच्या आत्याबाई आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. पहाटेच्या भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं, डोहाळे, पाळणे, जात्यावरच्या ओव्या असा त्यांचा मोठा संग्रह आहे, व तो सर्व कंठस्थ. शब्द आम्ही वहींत उतरून घेतले. परंतु चाल वहींत उतरत नाहीं. स्वरलिपि आहे, पण ओवीच्या तिसऱ्या चरणाचा शेवट करतांना आत्याबाई जो हेल घेतात तो कोणत्या चिन्हानें लिहावा? तेव्हां त्यांचा आवाजच मुद्रित करून ठेवावा असें ठरलें. दोन वर्षांपूर्वीं शेजारच्या एका शहरांतील ध्वनिमुद्रणाच्या खोलींत आम्ही त्यांस घेऊन गेलों. तेथें कांचेपलीकडे यंत्रज्ञ, कानांवर यंत्र, आणि समोर कोणी ऐकणारें नाहीं! आत्याबाईंनीं दोन गाणीं कशीबशी म्हटलीं, तिसऱ्यास शब्द विसरल्या, व "मला घरीं न्या" म्हणाल्या. पुढें घरच्याच नव्या दिवाणखान्यांत प्रयत्न केला. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. आवाज असा आला कीं जणूं कोणी विहिरींतून गात आहे. आम्ही तो नाद सोडून दिला.

अशांत आमच्या भाच्याचें पत्र आलें. तो बरींच वर्षें इंग्लंडांत असतो व दिलरुबा वाजवितो. शहरांतील त्याच्या बिऱ्हाडीं खालीं मोटारी व वर शेजाऱ्यांचीं पावलें. म्हणून त्यानें व त्याच्या एका गाणाऱ्या मित्रानें आठ दिवसांसाठीं कालव्यावरची एक नौका भाड्यानें घेतली, आणि तींतच दिलरुबा, तंबोरा व गळा यांचें मुद्रण केलें.

हे कालवे आपल्या पाटांसारखे शेतीसाठीं खोदलेले नव्हेत. ते मालवाहतुकीचे. १७६१ सालीं ब्रिजवॉटरच्या कालव्यानें वर्सलीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे जाऊं लागला, आणि मग साऱ्या मध्य इंग्लंडांत कालव्यांचें जाळें पसरलें. (मँचेस्टरचें नांव वऱ्हाडांत कोणास सांगावयास नको. अमेरिकेंत १८६१ पासून चार वर्षें यादवी माजली, तेव्हां त्या मुलखांतील गिरण्यांनीं आमच्या कपाशीकडे जी धांव घेतली, तिच्या कथा आमच्या आजोबांच्या आजोबांपासून चालत आल्या आहेत.) पुष्कळ ठिकाणीं चढउतारासाठीं बांधलेले पाण्याचे दरवाजे सातच फूट रुंद, म्हणून नौकाहि रुंदीस ६ फूट १० इंच, आणि लांबीस मात्र ७० फुटांपर्यंत. पूर्वीं ती कांठावरून घोडा ओढी. आतां इंजिन असतें, पण वेग ताशीं चार मैलांहून अधिक ठेवूं देत नाहींत. मालाची वाहतूक जवळजवळ संपली. आतां लोक तींत सहलीस जातात, कित्येक बारमास राहतातहि.

अशा नौकेंत गाणें चांगलें कां उमटावें? भाच्यानें लिहिलें आहे कीं, बाहेरून लोखंडी असली तरी आंतून ती लांकडी फळ्यांनीं मढविलेली असते; छत हाताला लागेल इतकें खालीं; गाद्या, पडदे, पुस्तकें यांनीं जागा भरलेली. आवाज भिंतीवर आपटून पुन्हां पुन्हां फिरत नाहीं. दिलरुब्याच्या गजाचा तारेवरचा घांस, गाणाऱ्यानें घेतलेला श्वास, हें सर्व जवळ बसून ऐकल्यासारखें येतें. दोष एकच. समोरासमोरच्या भिंतींत अंतर अवघें सहा फूट. तेवढ्या अंतरांत जो स्वर नेमका बसतो तो भलताच घुमूं लागतो, आणि तो निघतो पुरुषाच्या तंबोऱ्याच्या खालच्या स्वरांच्या आसपास! दोघांनीं माईक मध्यावरून बाजूस सरकविला, एका भिंतीवर घोंगड्या टांगल्या, तेव्हां तो घुमारा आटोक्यांत आला. शेगडी पेटविली कीं तंबोरा उतरे, विझविली कीं बोटें गारठत; शेवटीं गवई शाल पांघरून गायला.

हा केवळ हौशी पोरांचा खेळ नव्हे, हेंहि येथें सांगतों. लंडनजवळ हॅम्प्टन येथें टेम्स नदीवर 'अस्टोरिया' नांवाची एक तरती हवेली आहे. फ्रेड कार्नो नामक रंगभूमीवरील व्यवस्थापकानें ती १९११ सालीं बांधविली. डेव्हिड गिलमूर या वादकानें ती १९८६ मध्यें घेऊन तींत ध्वनिमुद्रणाची शाळाच उभारली, व 'पिंक फ्लॉइड' या मंडळीच्या दोन संग्रहांचें बरेंच काम तेथें झालें. त्यांचें संगीत आमच्या कानांस मानवत नाहीं. पण जागेची पारख त्यांना होती खास.

भाच्याच्या पत्रांतील जी गोष्ट आमच्या मनांत रुतून बसली, ती मात्र वेगळीच. मुद्रणापूर्वीं त्यांनीं इंजिन बंद केलें, नळाचा विजेचा पंप बंद केला, फ्रिज बंद केला. पण नौकेच्या अंगाला पाणी चुळचुळ लागे, त्याचा आवाज राहिलाच. मधून दुसरी नौका जवळून गेली कीं बांधलेला दोर करकरे. तो पुसून टाकावा का, असें भाच्यानें विचारलें. गवई म्हणाला, राहूं दे, त्याला स्वर नाहीं. यांत मर्म आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्रांची गुणगुण ५० व १०० आंदोलनांची असते, म्हणजे तिला ठराविक स्वर असतो, व तो गाणाऱ्याच्या षड्जाशीं बहुधा जुळत नाहीं. मग सारें गाणें कोणीतरी शेजारीं बेसूर तंबोरा छेडीत बसल्यासारखें लागतें. पाण्याच्या चुळचुळीस असा स्वर नसल्यानें ती गाण्याशीं भांडत नाहीं.

पूर्वीं अडचण उलट होती. १९०२ मध्यें फ्रेड गायस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस बोटीनें कलकत्त्यास उतरला व हॉटेलांतल्या खोल्यांतच त्यानें गौहरजानचें गाणें मेणाच्या तबकडीवर घेतलें. तेव्हां मुद्रणास वीज नव्हती. कर्ण्यांत तोंड घालून गावें, त्याच्या जोरावर पडदा हलावा, सुईनें मेण कोरावें. तंबोऱ्यासारखें मंद वाद्य त्यांत जवळजवळ हरवे. तीन मिनिटांत ख्याल आटोपावा लागे, आणि तबकड्या जर्मनींत हॅनोव्हरला छापल्या जात म्हणून तेथील कारागिरांस कळावें यासाठीं गाणाऱ्यांनीं शेवटीं आपलें नांव पुकारावें! १९२५ च्या सुमारास विजेचा माईक आला व तें कष्ट संपले. त्या कर्ण्याला फार थोडें ऐकूं येई. आजच्या तळहाताएवढ्या यंत्रास फार जास्त ऐकूं येतें, एवढाच काय तो फरक.

पत्र वाचून आम्ही आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरांत जाऊन उभे राहिलों. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, सागाच्या तुळयांचें धाबें, एकच झरोका. ही आमची नौकाच कीं! अकोट हें कापसाचें गांव, तेव्हां गाद्या-रजयांस काय तोटा? दोन भिंतींस रजया टांगल्या, जमिनीवर सतरंजी घातली. फ्रिज बंद, पंखा बंद, मोबाईल सारे अंगणांत. पहाटे चार वाजतां आत्याबाई स्नान आटोपून नित्याच्या पाटावर बसल्या. माईक तोंडासमोर न ठेवतां दीड हातावर, किंचित् बाजूस ठेवला, म्हणजे श्वासाचा फुत्कार त्यावर येत नाहीं. आणि मुख्य म्हणजे समोर आमची मुलगी व सून बसल्या. ऐकणारें माणूस समोर असतांच आत्याबाईंचा गळा मोकळा झाला. त्या पहाटे अकरा गाणीं झालीं. दुपारीं त्यांस ऐकविलीं, तर कौतुक राहिलें बाजूला, "चौथ्या भूपाळींत हेल चुकलाय, ती पुन्हां घ्या" अशी आज्ञा झाली.

ओव्यांच्या दिवशीं मात्र गाडी अडली. आत्याबाई आरंभ करीत व दुसऱ्याच ओवीस थांबत. शेवटीं म्हणाल्या, "अरे, जातं कुठं आहे? हात रिकामा ठेवून ओवी कशी येईल?" अडगळींतून जातें काढलें, टाकी देणारा शोधून आणला, आणि पुन्हां पहाटे बसलों. रिकाम्या जात्याचा दगडावर दगड असा कर्कश आवाज शब्दांस गिळूं लागला. मूठभर ज्वारी घालतांच तो मऊ झाला. खालीं चौघडी गोधडी घातली, माईक उंचावर घेतला. आत्याबाईंचा हात थोड्याच वेळांत दमला. तेव्हां सुनेनें खुंट्याला हात लावला, आणि दोघींच्या हातांनीं जातें फिरूं लागलें तशी एकामागून एक ओवी येऊं लागली. जात्याची घरघर पंख्याच्या घरघरीहून मोठीच होती. पण ती आम्हीं पुसली नाहीं.

याच वाटेनें फार मोठें काम आमच्या आधीं होऊन गेलें आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉयटव्हाँ या दोघांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें शंभराहून अधिक तासांचें मुद्रणहि झालें, व 'परी' या संस्थेनें तें आतां सर्वांस ऐकावयास खुलें केलें आहे. त्यांतील बाया बहुतेक शेतकरी-कष्टकरी घरच्या. आमच्या वाचकभगिनींनीं त्या ओव्या अवश्य ऐकाव्या. माहेरची ओढ व भावाची वाट पाहणें यांत जातपातीचा फरक कितपत उरतो, हें त्यांस आपोआप दिसेल.

आमच्याकडे आजवर सदतीस गाणीं झालीं. त्यांच्या प्रती एक अकोटास, एक पुण्यास व एक भाच्याकडे ठेविली आहे. ओव्यांत चारपांच ठिकाणीं खुंट्यावर बांगड्या वाजल्याचा आवाज आहे, तो काढूं का, असें त्यानें तिकडून विचारलें होतें. आत्याबाईंनीं नको म्हणून सांगितलें. डोहाळे अजून राहिले आहेत. यंदा कार्तिकांत पंखे बंद झाले कीं पुन्हां बसावयाचें आहे.