सुरकुत्या: वय किती, ऊन किती?

पेट-नेटच्या तयारीत 'एक व्हेरिएबल बदला, बाकीचे स्थिर ठेवा' हे आपण घोकतो. प्रत्यक्षात ते किती अवघड आहे, हे सुरकुत्यांवरून छान कळतं. चाळिशीनंतर त्या दिसू लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चाळीस वर्षांच्या माणसाने चाळीस वर्षं ऊनही खाल्लेलं असतं. मग दोष वयाचा की उन्हाचा?

एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू तुलनेला मिळाल्या तर? २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशी एक केस आली. ६९ वर्षांचा अमेरिकन ट्रकचालक, २८ वर्षं गाडी चालवलेली. चेहऱ्याची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्यामानाने बरीच बरी. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे खिडकीही डावीकडे. साधी काच यूव्हीबी किरण बहुतांशी अडवते, यूव्हीए मात्र बरेच आत येतात आणि थेट अंतस्त्वचेपर्यंत पोचतात.

आता आपल्याकडे बघा. स्टिअरिंग उजवीकडे. बेलापूरहून पाम बीच रोडने सकाळी वाशीला निघालात तर ऊन उजव्या गालावर, संध्याकाळी परतताना पुन्हा उजव्याच! एका केसवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण हायपोथिसिस मांडता येते. फक्त एनएमएमटीचे बसचालक सॅम्पलमध्ये घेतलेत तर जपून, कारण खिडकी उघडी असेल तर यूव्हीबीसुद्धा आत येणार.

आत नेमकं काय घडतं? अंतस्त्वचेला ताण सोसायची ताकद देतं ते कोलॅजन. त्याची तीन पेडांच्या वेणीसारखी रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५० च्या दशकात मद्रासमध्ये मांडली. ही वेणी सहजासहजी तुटत नाही, तिला कापायला खास एन्झाइम लागतं. ते कोलॅजनेज १९६२ मध्ये सापडलं, तेही बेडकाच्या पिल्लाच्या झडणाऱ्या शेपटीत. अतिनील किरण पडले की आपल्या त्वचेतही या जातीची एन्झाइम्स वाढतात. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवलं की त्वचा लाल होण्याइतकं ऊनही त्यासाठी लागत नाही. तुटलेलं कोलॅजन पूर्ण भरून निघत नाही आणि रोजची ही थोडी थोडी तूट साचत जाते.

मग सनस्क्रीनने फरक पडतो का? इथे जाहिरात बाजूला ठेवा आणि ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूरची ट्रायल वाचा (२०१३ मध्ये प्रसिद्ध). ५५ वर्षांखालचे ९०३ लोक, रँडम वाटणी. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांच्या अंती हाताच्या मागच्या त्वचेचे सिलिकॉनचे ठसे तपासले. रोज लावणाऱ्या गटात त्वचेचं म्हातारपण २४ टक्के कमी आढळलं. मला यात सगळ्यात आवडतात ते ठसे. 'त्वचा तजेलदार वाटते' असलं काही नाही, मोजता येईल असं काहीतरी. मात्र तिथले लोक बहुतेक गोरे. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, सुरकुत्यांआधी बहुधा डागच दिसतात. तो २४ चा आकडा इथे जसाच्या तसा उचलू नका.

बाटलीवरचा एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो. यूव्हीएसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हं किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द बघा. शिवाय एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देतात. आपण लावतो तो ठिपका त्याच्या जवळपासही जात नाही.

आलेल्या सुरकुत्यांवर सगळ्यात जुना आणि भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा आहे, १९८६ पासूनचा. पण परिणाम दिसायला महिने लागतात, सुरुवातीला त्वचा सोलते, गरोदरपणात ते टाळतात. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच घ्यायचं, मैत्रिणीच्या ट्यूबमधलं नाही.