लाजाळू मुलीला पाळीबद्दल सांगायचं कसं?

मुलगी दहा-अकराची झाली की ओढणी नीट घे, असं तिला दिवसातून चार वेळा सांगितलं जातं. अंगात काय बदलतंय, हे मात्र कोणी सांगत नाही. विषय निघाला की ती मान खाली घालून उठून जाते. मग अम्मी म्हणते, "अभी छोटी है, वक्त आया तो बोलूंगी." आमचं म्हणणं एवढंच की वेळ आल्यावर सांगणं म्हणजे उशीर झालेला असतो. वर्गात बसलेल्या मुलीला अचानक रक्ताचा डाग दिसला, तर तिला मोठा आजार झाल्यासारखंच वाटणार.

शरीर आधीच इशारे देतं. मुलींमध्ये हे बदल साधारण 8 ते 13 या वयात सुरू होतात. आधी छातीत गाठीसारखं लागतं, कधी एकाच बाजूला, आणि दुखतंही. मग केस येतात, उंची भराभर वाढते. पहिली पाळी बहुधा त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. त्याआधी काही महिने कपड्यावर पांढरट डाग दिसू लागतात. म्हणजे आपल्या हातात भरपूर वेळ असतो, सगळं एका बैठकीत उरकायची गरज नाही.

लाजाळू मुलीला समोर बसवून भाषण देऊ नका. केसांना तेल लावताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोला. आपल्याकडे कितीतरी घरांत विड्या वळताना मायलेकी शेजारी बसतात, तेव्हाही जमतं. नजर हातातल्या कामावर असते, त्यामुळे ऐकणं सोपं जातं. दोन वाक्यं बोला आणि थांबा. "समजलं का?" असा उलट प्रश्न नको. पॅड कुठे ठेवलेत, कसा लावायचा, एवढं हाताने दाखवा. एक पॅड आणि जादा चड्डी छोट्या पिशवीत घालून दप्तरात ठेवा. दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. अशा वेळी एक वही ठेवा. तिने प्रश्न लिहायचा, अम्मीने उत्तर लिहायचं. अम्मीला जमत नसेल तर खाला, फुफी किंवा मोठी आपा आहेच.

"हया"चं कारण पुढे केलं जातं. पण अन्सारच्या स्त्रियांनी पाळीनंतरच्या गुस्लबद्दल थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारलं होतं, आणि दीन समजून घेण्यात लाज आड येऊ दिली नाही म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली. खुद्द हजरत आयेशांना हजच्या प्रवासात पाळी आली आणि त्या रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांना समजावलं की हे अल्लाहने आदमच्या मुलींसाठी ठरवलेलं आहे. तवाफ सोडून हजचं बाकी सगळं करायला सांगितलं. मुलीला हा प्रसंग जरूर सांगा. या दिवसांत नमाज माफ, ती नंतर भरायची नाही. रोजे मात्र रमजाननंतर ठेवायचे, हेही आधीच सांगा. आणि घरातल्या भावांना बजावून ठेवा की बहिणीला "आज रोजा का नाही?" असं चारचौघांत विचारायचं नाही.

काही मुली पाळी आल्याचं लपवतात, त्यामागे लाजेपेक्षा भीती जास्त असते. कुणाची शाळा सुटली, कुणासाठी स्थळं यायला लागली, हे त्यांनी मोहल्ल्यात ऐकलेलं असतं. म्हणून अम्मी-अब्बांनी आधीच स्पष्ट बोलावं: शाळा चालू राहणार. पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाची झाली असं नाही. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय 18 आहे.

स्वच्छतेचं थोडं. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा. जनऔषधी दुकानात सुविधा नावाचे पॅड स्वस्तात मिळतात. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हातच वाळवा. लोक बघतील म्हणून दुसऱ्या कपड्याखाली दडवलेलं कापड ओलसर राहतं. सोलापुरात ऊन भरपूर, पण नळाला रोज पाणी नाही. तेव्हा मुलीसाठी एक बादली राखून ठेवा, म्हणजे तिला मागायला लागणार नाही.

पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, घाबरू नका. पण 8 वर्षांच्या आत छाती वाढू लागली, 13 पर्यंत काहीच बदल दिसला नाही, 15 पर्यंत पाळी आली नाही, रक्त सात दिवसांपेक्षा जास्त गेलं किंवा तासातासाला पॅड भिजू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विभाग आहे. मुलगी लाजत असेल तर लेडी डॉक्टर आहेत का, हे केसपेपर काढतानाच विचारून घ्या, आणि तिला बोलता येत नसेल तर ती वही सोबत न्या.