घरच्या घरीं फिल्म धुणें

कॅमेऱ्याची कळ दाबली कीं चित्र तयार झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. कृष्णधवल फिल्मच्या बाबतींत ती खरी नाहीं. या फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असून त्यांत रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो त्यांत किंचित् फरक होतो. परंतु तो डोळ्यांस दिसत नाहीं. हें अदृश्य चित्र दृश्य करून कायम टिकविणें, यासच आपल्याकडे 'रोल धुणें' म्हणतात. मुरगुडासारख्या गांवीं, साध्या घरांतहि विद्यार्थ्यांस हें काम करतां येईल.

यांत अपूर्व असें कांहीं नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून यंत्रसामग्री आणविली. पुढें त्यांच्या दादर येथील राहत्या घरींच फिल्म धुतली जाऊं लागली. फिल्मच्या कडेस भोकें पाडणें, रसायनें कालविणें, फिल्म धुणें, या सर्व कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा हात होता. १९१३ सालीं मुंबईकरांनीं पाहिलेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटामागें असे घरचे श्रम होते.

साहित्य थोडें लागतें: प्रकाश न शिरणारा झांकणाचा डबा, त्यांत बसणारें फिल्म गुंडाळण्याचें चक्र, थर्मामीटर, मोजपात्र, घड्याळ व बाटल्या.

प्रथम फिल्म चक्रावर चढवावी. हें काम पूर्ण काळोखांत झालें पाहिजे. तांबडा दिवा चालतो असें कित्येक सांगतात. तो छपाईच्या कागदास चालतो. हल्लींची बहुतेक फिल्म तांबडा प्रकाशहि टिपते. म्हणून वाया गेलेली फिल्म घेऊन आधीं उजेडांत, मग डोळे मिटून हात बसवावा. डब्याचें झांकण लागलें कीं पुढील कृती उजेडांत करावी.

दुसरी पायरी डेव्हलपरची. कोडॅकच्या प्रसिद्ध डी-७६ या डेव्हलपरचें प्रमाण असें: सुमारें ५० अंश सेल्सियस ऊन पाणी ७५० मिलिलिटर घेऊन त्यांत मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व टाकणखार २ ग्रॅम, याच क्रमानें विरघळवावें आणि पाणी घालून एक लिटर करावें. सल्फाइट आधीं घातल्यास मेटॉल नीट विरघळत नाहीं. मेटॉलनें कांहींची त्वचा बिघडते, म्हणून हातमोजे घालावे. हा द्रव २० अंशांवर असतां इल्फर्डच्या एचपी-५ प्लस फिल्मला साडेसात मिनिटें पुरतात. आरंभीं, आणि पुढें दर मिनिटास दहा सेकंद, डबा चार वेळां उलटसुलट करावा. उष्णता वाढली कीं क्रिया जलद होऊन चित्र गर्द होतें. उन्हाळ्यांत माठाचें पाणी परातींत घेऊन बाटल्या त्यांत ठेवाव्या. बर्फ लागल्यास तो परातींत घालावा, डेव्हलपरांत घालूं नये.

वेळ भरतांच डेव्हलपर ओतून टाकून पाण्यानें खळबळावें व हायपो घालावा. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानें १८१९ सालीं हायपोचा गुण शोधला: प्रकाश न लागलेले रुप्याचे क्षार तो विरघळवून टाकतो. साध्या हायपोस सुमारें दहा मिनिटें द्यावीं. मगच झांकण उघडावें.

आतां निगेटिव्ह दिसूं लागते, आणि येथेंच नवशिक्याचा धीर सुटतो. हायपोचा अंश मागें राहिल्यास आज कांहींच बिघडल्यासारखें दिसत नाहीं; परंतु वर्षांनंतर डाग पडून चित्र पुसट होतें. तोंवर त्यांतील माणसें कदाचित् हयातहि नसतील. म्हणून वाहत्या पाण्यांत अर्धा तास धुवावें. पाण्याची टंचाई असेल तर डबा भरून पांच वेळां उलटावा, पाणी बदलून दहा वेळां, पुन्हां बदलून वीस वेळां. मात्र ही रीत जलद फिक्सर वापरल्यासच योग्य. नंतर धूळ नसलेल्या खोलींत खालीं चिमटा लावून फिल्म टांगावी. वापरलेल्या हायपोंत रुपें असतें. तो विहिरींत किंवा वेदगंगेंत ओतूं नये.

चित्र उमटवावयास साडेसात मिनिटें लागतात. तें नातवंडांपर्यंत पोंचावयाचें असेल, तर शेवटच्या अर्ध्या तासाचा कंटाळा करूं नये.