फौजेचं बिल

सोलापूर सोडून तुळजापूरच्या वाटेला लागलं की तामलवाडी येते. 1948 पर्यंत या वाटेवर राज्यच बदलायचं. मागे मुंबई इलाखा, पुढे निजामाचं हैदराबाद: 82,000 चौरस मैलांहून मोठं, दीड कोटीवर वस्तीचं. फौज कुणाच्या हुकमतीत आणि खर्च कुणाच्या माथी, या भांडणात हा मुलूख दोनदा भरडला गेला.

पहिल्यांदा तर तो चक्क गहाण पडला. ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज निजामाच्या नावावर, पण तिच्यावर हुकूम चाले इंग्रजांचा. पगार थकले, ईस्ट इंडिया कंपनीचं देणं फुगलं. 1853 च्या तहाने किमान 5,000 पायदळ आणि 2,000 घोडदळाच्या या फौजेसाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. कंपनीचा अधिकारी मेडोज टेलर नळदुर्गात राहून इथला कारभार पाहू लागला. 1860 मध्ये 50 लाखांचं कर्ज माफ होऊन नळदुर्ग परत मिळालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. ज्या शेतकऱ्याने सारा भरला, त्याला या फौजेबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसरी वेळ स्वातंत्र्यानंतरची. भारत आणि निजाम यांच्यातल्या 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारात, संस्थानात बंदोबस्तासाठी फौज पाठवण्याचा हक्क भारताला नव्हता. निजामाकडे सुमारे 22,000 सैनिक होते, शिवाय रझाकार ही निजामाची बाजू घेणारी सशस्त्र संघटना. कराचीहून वैमानिक सिडनी कॉटन रात्रीच्या विमानांनी शस्त्रं आणत होता. 21 ऑगस्ट 1948 ला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. पण 13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गावर आली आणि 18 ला निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी शरणागती दिली. 1950 मध्ये राज्यघटनेच्या 259 व्या कलमाने संस्थानी फौजा संघराज्याच्या सेनेचा भाग ठरल्या.

रझाकारांच्या अत्याचारांनी आधीच पोळलेल्या या मुलखात शरणागतीनंतरही रक्त सांडलं. या हिंसेच्या चौकशीसाठी गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज संस्थानभर 27,000 ते 40,000 मृत्यूंचा आहे, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत याच मुलखाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आहे. हे आकडे वाचताना हात थरथरतो.

लंडनमध्ये खटला चालला तो पैशाचा. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, 20 सप्टेंबरला, निजाम सरकारचे 10,07,940 पौंड 9 शिलिंग वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यावर वळते झाले. तेव्हाच्या दराने सुमारे 1 कोटी 34 लाख रुपये. आठवड्याभरात निजामांनी ते परत मागितले. बँकेने दिले नाहीत. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने परराष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा मुद्दा मान्य करून दावा अडवला, आणि पैसा बँकेतच वाढत राहिला. सरासरी काढली तर दर दिवसाला 1,300 पौंडांची भर! दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले, म्हणजे तीनशे कोटी रुपयांच्या वर.

पाच दिवसांच्या लढाईनंतरचा हा दावा 71 वर्षं चालला. हे पैसे शस्त्रांच्या बदल्यात आले होते, असं पाकिस्तानचं म्हणणं. 2 ऑक्टोबर 2019 ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी ते फेटाळलं. निजाम 1967 मध्येच वारले होते. निकाल लागला तो त्यांचे दोन नातू आणि भारत सरकार यांच्या बाजूने.