समुद्रावरचा थाट आणि त्याचे संकेत

इंग्लंडहून न्यूयॉर्कला जाण्यास विमानाला सुमारे आठ तास पुरतात. त्याच प्रवासासाठी सात रात्री खर्च करणारे आणि त्याकरिता सुटाबुटाची वेगळी बॅग भरणारे प्रवासी आजही कमी नाहीत. साउदम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये नेमाने फेऱ्या करणारे क्युनार्ड कंपनीचे 'क्वीन मेरी २' हे जहाज अशाच प्रवाशांसाठी चालते. या जहाजावरची सुखसोय, तेथील सेवा आणि पोशाखाचे संकेत या गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. तिकीट काढणारा प्रवासी खोलीबरोबरच एक शिष्टाचारही पत्करत असतो. तो कोणता, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

गाईपासून तारांगणापर्यंत

क्युनार्डचे 'ब्रिटानिया' हे जहाज ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाले, तेव्हा टपाल वेळेवर पोहोचविणे हे त्याचे मुख्य काम होते. प्रवाशांना ताजे दूध मिळावे म्हणून जहाजावर गाय ठेवली जाई, एवढीच काय ती चैन. जानेवारी १८४२ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला गेले आणि आपल्या वाट्याला आलेल्या चिमुकल्या खोलीची त्यांनी 'अमेरिकन नोट्स' या पुस्तकात यथेच्छ थट्टा केली.

जानेवारी २००४ मध्ये सेवेत दाखल झालेले 'क्वीन मेरी २' ३४५ मीटर लांबीचे आहे. त्यावर सुमारे २,७०० प्रवाशांची सोय असून १,२०० हून अधिक कर्मचारी काम करतात. म्हणजे दर दोन-सव्वादोन प्रवाशांमागे एक कर्मचारी. ग्रंथालय, नृत्यदालन आणि तारांगणही जहाजावर आहे. मात्र अटलांटिकसारख्या खवळत्या महासागरात आरामाचा पहिला अर्थ स्थैर्य हाच असतो. त्यासाठी पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर काढता येणारे स्टॅबिलायझर नावाचे पंख जहाजाचे डोलणे कमी करतात. ज्यांना बोट लागते, त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, असा जाणकारांचा सल्ला असतो.

घड्याळाची सोय तर विमानाला साधणारी नाही. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते. पंचवीस तासांचे पाच दिवस अनुभवून प्रवासी न्यूयॉर्कला उतरतो तेव्हा त्याची झोप तिथल्या वेळेशी जुळलेली असते.

खोलीवरून ठरते टेबल

जुन्या जहाजांवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे मार्गही वेगळे असत. आज बहुतेक दालने सर्वांना खुली आहेत. पण जुन्या वर्गव्यवस्थेची खूण भोजनगृहात उरली आहे. कोणी कोठे जेवायचे, हे खोलीच्या दर्जावरून ठरते. बहुसंख्य प्रवासी भव्य 'ब्रिटानिया' भोजनगृहात जेवतात. महागड्या स्वीटमधील प्रवाशांसाठी 'प्रिन्सेस ग्रिल' आणि त्याहून वरचे 'क्वीन्स ग्रिल' राखून ठेवलेले आहे. 'क्वीन्स ग्रिल'च्या स्वीटमध्ये बटलरची सेवाही मिळते. 'ब्रिटानिया'त रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. ग्रिलमधील प्रवाशाला मात्र आपल्या सवडीने येता येते.

दुपारचा चहा ही या सेवेची सर्वांत प्रसिद्ध खूण. पांढरे हातमोजे घातलेले वेटर 'क्वीन्स रूम'मध्ये सँडविच आणि स्कोनची तबके फिरवतात. हा मान खोलीचा दर्जा न पाहता सर्वांना मिळतो.

संध्याकाळी सहानंतर

दिवसा प्रवासी हवे ते साधे कपडे घालू शकतो. संध्याकाळी सहानंतर संकेत बदलतात. सात रात्रींच्या प्रवासात सामान्यतः दोन 'गाला' रात्री असतात. त्या दिवशी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय, तर स्त्रियांनी पायघोळ गाऊन किंवा तसाच समारंभी पोशाख करावा, अशी अपेक्षा असते. काळा-पांढरा वेश किंवा मुखवटा अशी एखादी कल्पनाही जाहीर होते. ती पाळणे ऐच्छिक असते. इतर रात्री कॉलरचा शर्ट आणि नीटनेटकी पँट चालते, टाय लागत नाही. पूर्वी पुरुषांना रोज रात्री कोट आवश्यक होता. अलीकडे हा नियम सैल झाला आहे.

भारतीय प्रवाशांनी लक्षात ठेवावी अशी बाब म्हणजे औपचारिक राष्ट्रीय पोशाखही गाला रात्री मान्य आहे. बंदगळा, शेरवानी किंवा पैठणी नेसून जाणाऱ्याला पाश्चात्त्य पोशाख उसना आणण्याची गरज नाही. ज्यांना नटण्याचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी बुफे आणि पबसारख्या मोजक्या जागा मोकळ्या असतात. पहिल्या आणि शेवटच्या रात्री औपचारिक पोशाख न ठेवण्याची जुनी प्रथा आहे. पहिल्या दिवशी पेट्या उघडलेल्या नसतात, तर शेवटच्या दिवशी त्या भरायच्या असतात, हे त्यामागचे व्यवहारी कारण.

सेवेमागचे हात

हा थाट ज्यांच्या श्रमांवर उभा आहे, त्या जहाजी नोकरांत गोमंतकीयांचे नाते जुने आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकी आणि स्ट्युअर्ड म्हणून गोव्यातील पुरुष पिढ्यान् पिढ्या गेले. अशा दर्यावर्दीला गोव्यात 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबी तलाव परिसरातील 'कूड', म्हणजे गोव्याच्या एकेका गावाची सामाईक निवासस्थाने, पुढच्या जहाजाची वाट पाहणाऱ्या तारवट्यांचा आधार होती.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सागरी श्रम करारानुसार कर्मचाऱ्याला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हा करार ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. दहा तास विश्रांती, याचा दुसरा अर्थ चौदा तासांपर्यंत काम. काही महिन्यांच्या नोकरीकराराच्या काळात पूर्ण दिवसाची सुटी क्वचितच मिळते.

प्रवाशाच्या बिलात दररोज माणशी ठरावीक सेवाशुल्क लावले जाते. अनेक प्रवासी त्याकडे वरचा भुर्दंड म्हणून पाहतात आणि काही ते वगळण्याची विनंती करतात. ही रक्कम कर्मचाऱ्यांसाठी असते, हे माहीत असल्यास निर्णय अधिक जबाबदारीने घेता येईल. वेळेचेही तसेच आहे. रात्री साडेआठच्या पंगतीला उशिरा येऊन टेबलावर रेंगाळणारा प्रवासी स्वतःच्या सुटीचा आनंद घेत असतो. पण जो वेटर ते टेबल आवरतो, त्याला सकाळी न्याहारीसाठी पुन्हा उभे राहायचे असते. टाय बांधण्याच्या संकेताची जहाजावर पुष्कळ चर्चा होते. वेळेवर पंगतीला येण्याचा संकेत कोठे छापलेला नसला, तरी त्याचे मोल अधिक आहे.