चोंढ्याचे धरण आणि खाडीतले खांब

शहापूर तालुक्यात, घाटघरच्या कड्याच्या पायथ्याशी चोंढे गावी सुमारे ८५ मीटर उंचीचे धरण आहे. वर अकोले तालुक्यात घाटघरचा जलाशय, खाली चोंढ्याचा. दोहोंमध्ये पाणी खेळवून २५० मेगावॉट वीज निर्माण करणारा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. थरावर थर पसरून रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातली ही पहिली धरणे. त्यांतल्या सिमेंट आणि राखेच्या मिश्रणात निम्म्याहून अधिक वाटा औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा, म्हणजे फ्लाय अॅशचा आहे.

इथे राखेची गरज पडली ती उष्णतेमुळे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना तापते. जाड भिंतीच्या पोटात ही उष्णता कोंडते, बाहेरची बाजू आधी निवते आणि तडे जातात. राख सावकाश काम करते, त्यामुळे भिंत कमी तापते.

मुरबाडची काळू आणि शहापूरची भातसा यांचे पाणी उल्हासमार्गे वसईच्या खाडीत जाते. तिथे काँक्रीटचा वैरी वेगळा आहे: मीठ. गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल बांधून जेमतेम दीड दशक झाले होते; ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. ठाणे खाडीवरच्या वाशीच्या पहिल्या पुलालाही (१९७३) याच दुखण्याने लवकर गाठले.

काँक्रीटमधल्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड छिद्रांतून आत शिरून तो थर फोडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मीठ, ओल आणि हवा तिन्ही एकत्र येतात, म्हणून खांब तिथेच आधी खचतो.

या ठिकाणी राख आणि लोखंडाच्या झोतभट्टीचा स्लॅग उपयोगी पडतात. सिमेंटच्या क्रियेतून सुटा चुना उरतो. राखेतली सिलिका त्याच्याशी संयोग पावून आणखी बंधक द्रव्य तयार करते आणि छिद्रे बारीक होतात. राखेतले अॅल्युमिना काही क्लोराइड बांधूनही ठेवते. मिठाची वाट अशी लांबते.

मात्र ही क्रिया पाण्यावाचून होत नाही. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राख किंवा मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. १४ दिवसांची शिफारस आहे. पाणी कमी पडले तर पृष्ठभाग सच्छिद्र राहतो आणि राख घालूनही काँक्रीट कच्चेच राहते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सळईवर ७५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण लागते. हे अंतर राखणारा ठोकळा (कव्हर ब्लॉक) सरकला आणि सळई साच्याला टेकली, तर उत्तम मिश्रणही तिला वाचवत नाही.

हे फक्त पुलांपुरते नाही. शहापूर-मुरबाडमध्ये घराच्या स्लॅबला बहुधा पीपीसीची, म्हणजे राखमिश्रित सिमेंटची गोणी येते. तिच्यात १५ ते ३५ टक्के राख असतेच. एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांत प्यायलाच टँकर लागतो, तेव्हा स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवायचे ते कुठून? म्हणून काम पावसाळा सरल्यावर, विहिरींना पाणी असताना काढावे आणि गोणपाट ओले ठेवून पाणी वाचवावे.

सरकारी कामांत २८ दिवसांच्या नमुना ठोकळ्याची (क्यूबची) ताकद पाहून काँक्रीट पास होते. ती ताकद भार सांगते, आयुष्य सांगत नाही. खाडीवरच्या प्रत्येक कामात क्लोराइड किती शिरते याची चाचणी आणि आवरणाचे मोजमाप सक्तीचे हवे, आणि पाणी मारण्याचे पैसे निविदेत वेगळे धरायला हवेत. राख स्वस्त आहे, म्हणून तिच्यामागची मेहनत फुकट समजता येणार नाही.